गोषा, बुरखा आणि परीक्षेचा दरवाजा

दहावी आणि बारावीची परीक्षा हा आमच्या हिंगोली जिल्ह्यांत केवळ शाळाखात्याचा विषय नाहीं. सेनगांव, औंढा, कळमनुरी, वसमत या तालुक्यांतील पुष्कळ घरीं मुलीनें पुढें शिकावयाचें कीं उन्हाळ्यांत तिचें लग्न उरकावयाचें, हा निकाल परीक्षेच्या निकालाबरोबरच लागत असतो. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांपैकीं सुमारें बावीस टक्के स्त्रियांचें लग्न अठराव्या वर्षाच्या आंत झाल्याचें आढळलें. ज्या परभणी जिल्ह्यांतून १ मे १९९९ रोजीं आमचा जिल्हा वेगळा निघाला, तेथें तर हें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर गेलें. अशा मुलुखांत परीक्षेच्या दरवाजापाशीं कोणत्याही कारणानें मुलगी अडखळली, तर ती माघारी फिरते ती बहुधा कायमचीच. बुरख्याच्या वादाकडे ही गोष्ट ध्यानांत ठेवूनच पाहिलें पाहिजे.

राज्याचे एक मंत्री श्री. नितेश राणे यांनीं जानेवारी २०२५ च्या अखेरीस शिक्षणमंत्री श्री. दादाजी भुसे यांस पत्र लिहून दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांत बुरखा घालून येऊं देऊं नये अशी मागणी केली. नकला होण्याचें व सुरक्षिततेचें कारण त्यांनीं पुढें केलें. त्यापूर्वीं सुमारें सहा महिने मुंबईंतील चेंबूर येथील आचार्य-मराठे महाविद्यालयाचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें होतें. महाविद्यालयानें पोशाखाचा नियम करून हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, धार्मिक बिल्ले या सर्वांस एकदमच मनाई केली. विज्ञान शाखेच्या नऊ विद्यार्थिनी त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयांत गेल्या. २६ जून २०२४ रोजीं त्यांचा अर्ज फेटाळला गेला. सर्वोच्च न्यायालयानें मात्र ९ ऑगस्ट २०२४ रोजीं हिजाब, टोपी व बिल्ले यांवरील मनाईस तात्पुरती स्थगिति दिली, आणि त्याच वेळीं वर्गांत तोंड झांकणारा नकाब किंवा बुरखा चालणार नाहीं हेंही स्पष्ट केलें. विद्यार्थ्याच्या नांवावरूनही त्याचा धर्म कळतोच, मग नांवेंही बंद करणार काय, अशा अर्थाचा प्रश्न न्यायमूर्तींनीं महाविद्यालयाच्या वकिलांस विचारला. त्याचें समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

न्यायालयानें जो भेद केला तो आमच्या पेठेंत, चहाच्या टपरीवर आणि दुर्दैवानें कित्येक वर्तमानपत्रांतही कोणी करीत नाहीं. हिजाब म्हणजे केस व मान झांकणारा रुमाल. तोंड उघडें असतें. नकाब म्हणजे डोळ्यांखेरीज सर्व तोंड झांकणारें वस्त्र. बुरखा म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा झगा, त्याला तोंडावरचा पडदा असेल किंवा नसेल. या तीन निरनिराळ्या वस्तूंस एकच नांव देऊन वाद घालणारा मनुष्य, हळद, हळकुंड आणि गंडा यांचा एकच भाव सांगणाऱ्या दलालासारखा आहे. वसमतच्या बाजारांत त्याच्यापाशीं कोणी उभें राहणार नाहीं. ओळख पटविण्याची अडचण उत्पन्न होते ती फक्त तोंड झांकल्यानें. डोक्यावरच्या रुमालानें कोणाचीही ओळख बुडत नाहीं. आणि तसें असेल तर आमच्या आया-बहिणींच्या डोक्यावरील पदर, शिखांची पगडी व खेड्यांतील म्हाताऱ्यांचा फेटा यांची वाट काय लावावयाची?

केवळ तोंड झांकणें हेंच पाप असेल, तर त्यांतून आम्ही कोणीच सुटणार नाहीं. वैशाखाच्या उन्हांत दुचाकीवरून जाणारी कोणत्याही जातीची मुलगी पाहा, डोळे सोडून सर्व तोंड तिनें ओढणीनें बांधलेलें असतें. हळदीच्या धुळीनें नाकातोंडांत जळजळ होऊं नये म्हणून कामकरी बाया पदर नाकावर घट्ट बांधून दिवसभर काम करतात. आणि २०२० सालच्या साथींत तर तोंड उघडें टाकणाऱ्याकडून सरकारनें दंड घेतला! त्या वेळीं राष्ट्राचें ऐक्य धोक्यांत आल्याची हाकाटी कोणी केल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

परंतु एवढ्यावरून गोषाची चाल चांगली आहे असा निष्कर्ष आम्ही काढीत आहोंत असें कोणी समजूं नये. उन्हाची ओढणी घरीं गेल्यावर सुटते आणि ती बांधावयाची कीं नाहीं हें बांधणारी ठरविते. गोषाचें तसें नाहीं. स्त्रीचें तोंड परपुरुषाच्या दृष्टीस पडणें हाच दोष, आणि त्या दोषाची जबाबदारी पाहणाऱ्याची नसून दिसणारीची, असें गोषाचें तत्त्व आहे. तें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. मग तें कोणत्याही धर्माच्या नांवानें सांगितलेलें असो.

‘कोणत्याही धर्माच्या’ असें आम्ही मुद्दाम म्हणतों. गोषा हा मुसलमानांचाच रोग अशी समजूत करून घेणाऱ्या हिंदु वाचकांनीं आपल्या आजीपणजीची आठवण करावी. देशमुख-जहागीरदारांच्या वाड्यांतील माजघराच्या पुढें बायकांनीं येऊं नये, मेण्यावर पडदा असावा, दिराच्या-सासऱ्याच्या समोर शब्द काढूं नये, हा मराठ्यांच्या मोठ्या घराण्यांचा गोषा होता आणि जितका तो कडक तितकें घराणें खानदानी असा समज होता. वऱ्हाडांतील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून पुरुषांस जे खडे बोल सुनावले, ते अशाच मराठा घरांतील कोंडमाऱ्यांतून निघाले होते. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंनीं गोषा सोडला, व १९२७ सालीं पुण्यास भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाचें अध्यक्षस्थान त्यांनीं स्वीकारलें. आमच्या पेठेंतील मारवाडी बंधूंच्या घरचा घुंघट तर आतां कोठें विरळ होत चालला आहे. त्यांच्यासाठीं उदाहरण दूर शोधावयास नको. वर्ध्याच्या जानकीदेवी बजाज यांनीं १९१९ च्या सुमारास पडदा टाकला आणि पुढें गांवोगांव हिंडून आपल्या समाजांतील बायकांस तसें करण्यास सांगितलें. हें सर्व घडलें तें घरांतून घडलें. जमनालालजींच्या घरावर पोलीस पाठवून कोणी जानकीदेवींचा घुंघट उतरविला नव्हता.

मुसलमान समाजांतही असा घरांतून निघालेला आवाज नव्हता असें नाहीं, आणि तो आमच्यापासून फार दूरही नव्हता. सप्टेंबर १९४८ पर्यंत हिंगोली ज्या हैदराबाद संस्थानांत होती, त्याच हैदराबादेंत सुघ्रा हुमायून मिर्झा या लेखिकेनें पडद्याबाहेर येऊन बायकांचें मासिक चालविलें व १९३४ सालीं मुलींसाठीं शाळा काढली. कोंकणांतील मिरजोळीचे हमीद दलवाई यांनीं १८ एप्रिल १९६६ रोजीं सात मुसलमान स्त्रियांस बरोबर घेऊन मुंबईच्या विधिमंडळावर मोर्चा नेला. मागणी तोंडी तलाक बंद करण्याची होती. सातच बाया! त्या वेळीं लोक हंसले. २२ मार्च १९७० रोजीं दलवाईंनीं पुण्यास मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिलें; आणि एका दमांत उच्चारलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयानें रद्द ठरविला तो ऑगस्ट २०१७ मध्यें.

या प्रकरणांत एक गोष्ट मात्र सुधारकांस पचावयास जड जाते, तीही सांगितली पाहिजे. १९२८ सालीं महिला परिषदेचें दुसरें अधिवेशन दिल्लीस भरलें, त्याच्या अध्यक्षा भोपाळच्या सुलतान जहान बेगम होत्या. या बाईंनीं १९२२ सालीं पडद्याचें समर्थन करणारें पुस्तक लिहिलें होतें. त्यांनीं राज्य चालविलें, मुलींच्या शाळा काढल्या आणि १९२० पासून अलिगड विद्यापीठाचें चॅन्सेलरपद भूषविलें, तें सर्व बुरखा घालून. तेव्हां बुरख्यांतील प्रत्येक बाई मुकी, अडाणी आणि बळजबरीनें कोंडलेली असते असें जो गृहीत धरतो त्यानें बाईशीं बोलून पाहिलेलें नसतें. कांहीं मुली घरच्यांचा विरोध पत्करून हिजाब बांधतात. कांहीं तो बांधल्यामुळेंच घराबाहेर पडूं शकतात. कांहींच्यावर तो लादलेला असतो. दरवाजावर उभ्या असलेल्या शिपायास यांतील भेद ओळखतां येत नाहीं. कायद्यालाही येत नाहीं.

आतां समाजांत मिसळण्याचा प्रश्न. बुरख्यामुळें मुसलमान समाज अलग राहतो, हा आक्षेप नवा नाहीं आणि तो केवळ द्वेष्ट्यांचाही नाहीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपल्या १९४० सालच्या ग्रंथांत पडद्याच्या चालीवर कठोर टीका केली आहे. तिच्यामुळें स्त्रियांच्या शरीराची व बुद्धीची हानि होते आणि हिंदु व मुसलमान कुटुंबांत घरोबा जुळत नाहीं असें त्यांचें म्हणणें होतें. हें वाक्य सभांतून पुष्कळ वेळां ऐकूं येतें. परंतु त्याच प्रकरणांत त्यांनीं पुढें जें विचारलें तें ऐकूं येत नाहीं. मुसलमान समाजांत सुधारणेची हांव कां नाहीं, या प्रश्नाचें कारण शोधतांना त्यांनीं सांगितलें कीं, चोहोंकडून हिंदु समाजानें वेढलेल्या मुसलमानांस आपली ओळख पुसली जाईल अशी भीति वाटते, आणि त्या भीतीपोटीं ते चांगलें-वाईट न पाहतां आपलें म्हणून जें जें आहे तें तें घट्ट धरून ठेवतात. निदान इतकें अचूक असतां औषध नेमकें उलटें द्यावयाचें हा कोणता वैद्यकीचा प्रकार? ज्या दिवशीं बुरख्याविरुद्ध मोर्चा निघतो, त्या दिवशीं बुरखा हा कापडाचा तुकडा न राहतां मानाचा झेंडा होतो. आणि घरांत बसून आईशीं हुज्जत घालणारी, हा झगा मला नको म्हणणारी पोरगीही गप्प बसते, कारण आतां तो काढणें म्हणजे शत्रूच्या गोटांत जाणें असें तिला सांगितलें जातें.

शिवाय, मिसळा म्हणणाऱ्यांनीं आपला दरवाजा किती उघडा आहे हेंही पाहिलें पाहिजे. ज्या संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून नर्सीकडे महाराष्ट्रापासून पंजाबपर्यंतचे लोक भक्तीनें पाहतात, त्या नर्सीच्या तालुक्यांत राहून आम्ही मुसलमान नोकरदारास भाड्यानें घर देतांना नांव ऐकून कां कचरतों? हिशेब चोख ठेवणारी, संगणक चालविणारी मुलगी दुकानांत ठेवावयाची असतां तिच्या डोक्यावरचा रुमाल पाहून गिऱ्हाईक काय म्हणेल असा विचार आमच्या व्यापाऱ्यांच्या मनांत कां येतो? आमच्या जिल्ह्यांतील साधारण दर दहा माणसांत एक मुसलमान आहे. हळदीच्या, कापसाच्या, जनावरांच्या व्यवहारांत त्यांच्यावांचून आमचें पान हालत नाहीं. तराजूपाशीं चालणारी ही मिसळण वर्गाच्या बांकावर मुलीमुलींत व्हावी असें वाटत असेल, तर त्या मुलीला प्रथम बांकापर्यंत येऊं दिलें पाहिजे. कर्नाटकांत ५ फेब्रुवारी २०२२ च्या सरकारी हुकुमानंतर मुली दरवाजाबाहेर उभ्या राहिल्या. १५ मार्चला तेथील उच्च न्यायालयानें हुकूम उचलून धरला. १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयांतील दोघां न्यायमूर्तींचें एकमत झालें नाहीं. न्या. हेमंत गुप्ता यांनीं हुकूम योग्य मानला; न्या. सुधांशु धुलिया यांनीं मुलीचें शिक्षण ही पहिली गोष्ट ठरवून तो रद्द करावा असें मत दिलें. या मतभेदांत आम्ही निःसंशय न्या. धुलियांच्या बाजूचे आहोंत. खेड्यांतील मुलीला शाळेपर्यंत येण्यास मुळांतच किती अडथळे असतात, भावाच्या तुलनेनें तिला घरकाम किती असतें, हें ध्यानांत घेऊन लिहिलेलें तें मत आहे.

सक्तीनें काय होतें हें पाहावयाचें तर इराणकडे पाहावें. १९३६ सालीं रेझा शहानें हुकूम काढून बायकांचे पडदे उतरविले. पोलीस रस्त्यांत ओढण्या ओढूं लागले, आणि पुष्कळ बायकांनीं घराबाहेर पडणेंच बंद केलें. १९७९ च्या क्रांतीनंतर त्याच देशांत उलट सक्ती आली. सप्टेंबर २०२२ मध्यें पोशाखाचा नियम मोडल्याच्या आरोपावरून पोलिसांनीं धरलेली महसा अमिनी ही तरुणी त्यांच्या ताब्यांत असतांना मरण पावली व सारा देश पेटला. एका राजवटीनें ओढून काढलें, दुसरीनें ओढून घातलें. दोन्ही वेळीं हात पोलिसाचा आणि डोकें बाईचें! फ्रान्सनें एप्रिल २०११ पासून सार्वजनिक जागीं तोंड झांकण्यास बंदी केली व एकत्र जगण्याच्या तत्त्वावर युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानें २०१४ सालीं ती मान्य केली. परंतु फ्रान्समधील मोफत सरकारी शाळांचें जाळें आणि आमच्या वाड्यातांड्यांवरील एकशिक्षकी शाळा यांची तुलना करण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं. आपल्याकडेंही १५ डिसेंबर २०२५ रोजीं पाटणा येथें आयुष डॉक्टरांस नेमणुकीचीं पत्रें देतांना बिहारच्या मुख्यमंत्र्यांनीं स्वतःच्या हातानें एका स्त्री डॉक्टरच्या तोंडावरील वस्त्र खालीं ओढलें. शिकून डॉक्टर झालेली, सरकारी नोकरीस पात्र ठरलेली बाई. समाजांत मिसळण्याचा याहून मोठा पुरावा तिनें आणखी कोणता द्यावयाचा होता?

आतां दोन शब्द आमच्या मुसलमान बांधवांस, आणि ते गोड असतील असें नाहीं. तोंड झांकणें हा धर्माचा अटळ हुकूम आहे असें सर्व मुसलमान पंडितांचेंही मत नाहीं. हजच्या यात्रेंत इहराम बांधलेल्या स्त्रीनें नकाब घालूं नये असाच नियम आहे, हें हाजी लोकांस ठाऊक आहे. मग मक्केस जें तोंड उघडें चालतें तें हिंगोलीच्या शाळेंत कां चालूं नये, याचा विचार जमातींतील वडील मंडळींनीं करावा. दुसरें असें कीं, पडद्याची किंमत बाई पैशांतही मोजते. आमच्या दिवाणी कायद्याच्या कलम १३२ नें चालीप्रमाणें लोकांत न येणाऱ्या स्त्रियांस कोर्टांत जातीनें हजर राहण्याची माफी दिलेली आहे. दस्तनोंदणीच्या कायद्यांतही तशी सवलत आहे. या सवलतीचा दुसरा चेहरा व्यापारी व वकील मंडळी ओळखून आहेत. पडद्याआडून अंगठा घ्यावयाचा, कागदांत काय आहे तें भावानें किंवा दिरानें सांगावयाचें, आणि हिस्सा गेल्याचें बाईला दहा वर्षांनीं कळावयाचें! हा प्रकार इतका सर्रास होता कीं गोषानशीन बाईनें दस्त समजून-उमजून केला हें सिद्ध करण्याचा भार न्यायालयांस दस्त घेणाऱ्यावर टाकावा लागला. ज्या चालीपासून बाईचें रक्षण करण्यास कायद्याला इतकी खटपट करावी लागते, ती चाल बाईच्या रक्षणासाठीं आहे असें कसें म्हणावें? मुलीला हिजाबासकट कॉलेजांत पाठविण्याचा हक्क मागणाऱ्या बापानें, ती हिजाबावांचून गेली तरी तिला तितक्याच मायेनें घरांत घेण्याची तयारी ठेविली पाहिजे. नाहींतर तो हक्क मुलीचा नसून बापाचा आहे.

राहिला परीक्षा केंद्राचा व्यवहार. येथें वादाचें कारणच नाहीं. परीक्षेस बसलेली व्यक्ति तीच आहे ना, हें पाहिलेंच पाहिजे आणि त्यासाठीं तोंड दाखविलेंच पाहिजे. यांत धर्माचा अवमान नाहीं. मतदानाच्या वेळीं पडदानशीन मतदारांची ओळख स्त्री अधिकाऱ्यानें पाहावी ही रीत जुनी आहे. केरळच्या उच्च न्यायालयानें २०१५ व २०१६ सालीं वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वेळीं असाच तोडगा दिला. हिजाब घालणाऱ्या मुलींनीं अर्धा तास अगोदर यावें, स्त्री निरीक्षकानें झडती घ्यावी, आणि मग मुलीनें तसेंच परीक्षेस बसावें. नीट परीक्षेच्या सूचनांतही धार्मिक पोशाखांत येणाऱ्यांस लवकर हजर राहण्यास सांगितलेलें असतें. लाखों मुलांच्या परीक्षेस जें जमतें तें कळमनुरीच्या केंद्रास जमणार नाहीं, असें मानण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. आणि नकलांचेंच म्हणाल तर, आमच्या भागांत नकला खिडकींतून येतात, भिंतीवरून येतात आणि कधीं कधीं वर्गांतील मोठ्या माणसांच्या कृपेनेंही येतात. त्यांतील बुरख्यांतून किती येतात याचा आंकडा मागणी करणाऱ्यांनीं प्रथम प्रसिद्ध करावा.

आमची जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांस सूचना इतकीच आहे. फेब्रुवारींत परीक्षा सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक केंद्रावर निदान एक शिक्षिका दरवाजापाशीं नेमावी; आडोशाला एक खोली किंवा तेंही नसेल तर एक पडदा लावलेला कोपरा ठेवावा; तोंड झांकून येणाऱ्या मुलींस अर्धा तास आधीं येण्याची सूचना प्रवेशपत्राबरोबरच मराठींत व उर्दूंत द्यावी, म्हणजे ऐन वेळीं दरवाजावर हुज्जत होणार नाहीं. वर्गांत तोंड उघडें राहील, डोक्यावरील रुमालास कोणी हात लावणार नाहीं, हेंही त्यांत लिहावें. ज्या केंद्रावर शिक्षिका नाहींत तेथें शेजारच्या शाळेंतून किंवा अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकांतून बाई मागवावी. याला वेगळा पैसा लागत नाहीं. लागतो तो एक कागद आणि वेळेवर केलेली सही.

जमातीच्या मंडळींनींही त्याच सुमारास शुक्रवारच्या नमाजानंतर ही सूचना वाचून दाखवावी, आणि बारावीनंतर ज्या मुलींस हिंगोलीस, नांदेडास किंवा परभणीस पुढें शिकावयाचें आहे त्यांच्या राहण्याची सोय कशी करतां येईल याची वर्गणी त्याच बैठकींत सुरू करावी. पेठेंतील व्यापाऱ्यांनीं त्या यादींत आपलीं नांवें घालावीं. आंकडा लहान असला तरी चालेल.